भागाचं मागणं

“आणखी किती दिवस, आई?”

त्रिंबक कासारानं विचारलं खरं, पण त्याच्या आवाजात प्रश्न नव्हता. फिर्याद होती.

घाटावरची आई समई घासत होती. चिंचेचा कोळ, चिमूटभर राख आणि म्हातारी बोटं. तिनं मान वर केली नाही.

“कशाचे दिवस?”

“देवाची वाट पाहायचे.”

“कधीपासून पाहतोयस?”

“भागा पडली तेव्हापासून.”

आईचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

गोदेकाठच्या त्या गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्रिंबकची बायको भागीरथी एका सकाळी उंबऱ्यापुढं रांगोळी घालत होती. हातातली चिमूट हातातच राहिली आणि ती कलंडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी करायचं ते केलं आणि शेवटी सांगितलं की आता घरी न्या. घरी आणली ती खिडकीशेजारच्या खाटेवर. त्या गोष्टीला आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती. खाट तिथंच होती आणि भागाही तिथंच.

मूलबाळ नव्हतं. घरात ही दोघंच.

त्रिंबक तसा देवभोळा माणूस. गावाची भजनी मंडळी त्याच्या आवाजावर उभी होती. त्यानं अभंग उचलला की म्हाताऱ्या पदरानं डोळे टिपत. भागा पडल्यापासून त्यानं सोमवार धरला. पहाटे गोदेत उतरायचं, ओलेत्यानं घागर भरायची, घाट चढून महादेवाला घालायची. मागणं एकच होतं. भागानं एकदा हाक मारावी.

लग्न झाल्यापासून ती त्याला चेष्टेनं ‘अहो बांगडीवाले’ म्हणायची. सासू-सासऱ्यांसमोर नाही, दोघंच असताना. तेवढी एक हाक त्याला परत हवी होती.

आणि घाटावरची आई? तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं, गाव तर नाहीच. महादेवाच्या देवळाच्या ओवरीत ती राहायची. त्रिंबक मिसरूड फुटायच्या वयाचा असताना तिनं त्याच्या कानात नाम सांगितलं होतं. तेव्हापासून ती त्याची गुरू. बोलायची कमी. कधी कधी एका शब्दासाठी माणसं ओवरीत दिवसभर बसून राहत.

“मी निरोप घ्यायला आलोय,” त्रिंबक म्हणाला.

“कुठं निघालास?”

“नर्मदेला. परिक्रमा करतो.”

“आणि भागा?”

“उद्या मेहुणा जीप घेऊन येतोय. माहेरी नेईल. तिथं माणसं आहेत, दूधदुभतं आहे. तिची आबाळ व्हायची नाही.” हे तो भराभर बोलला. बरेच दिवस मनाशी घोकलेलं माणूस बोलतो, तसं. “इथं देव माझं ऐकत नाही, आई. तिथं तरी ऐकेल.”

“तो काय इथंच बहिरा झाला होय?”

त्रिंबकचे कान तापले.

“तुम्ही हसाल. पण मी एक सोमवार चुकवला नाही. पूर आला तेव्हा दोराला धरून उतरलो. ताप अंगात असताना उतरलो. माझं भजन ऐकून लोक रडतात, आई… आणि माझ्या घरात आवाज नाही. ज्यांनी कधी देवळाची पायरी चढली नाही, त्यांच्या बायका ओट्यावर बसून हसतात, भांडतात. हा कुठला न्याय?”

आईनं समई पाण्यात बुडवली. वर काढून निथळत धरली.

“तू एवढं मागतोस,” ती म्हणाली. “भागा काय मागते?”

“भागा?”

“हं.”

“ती काय मागणार? तिला वाचा कुठं आहे?”

“वाचा गेली की मागणं संपतं?”

घाटाखाली कुणीतरी कपडे आपटत होतं. तेवढाच काय तो आवाज.

“कधी विचारलंस तिला?”

“पाणी हवं का, कूस बदलू का, ऊन लागतंय का… सगळं विचारतो.”

“ते नाही.”

त्यानं मान खाली घातली.

“…नाही विचारलं.”

आईनं समई ओवरीच्या कट्ट्यावर पालथी घातली, लुगड्याला हात पुसले आणि काठी घेतली.

“चल.”

“कुठं?”

“तुझ्या घरी. मलाही भागाचा निरोप घ्यायचाय.”

आई गावात आली हे पाहून माणसं दारात येऊन उभी राहिली. ती कधी कुणाच्या घरी जात नसे. कासार आळीतल्या बाया पाया पडायला धावल्या, तर तिनं काठीनंच त्यांना बाजूला सारलं. त्रिंबक पुढं चालत होता, मान ताठ करून. गुरू घरी येतेय याचा थोडा गर्व होता, आणि थोडी भीती. भीती कशाची, ते त्याचं त्याला कळत नव्हतं.

घरात शिरताच समोर खुंटीवर नवी भगवी झोळी लटकत होती. खाटेवरून ती सरळ दिसायची. भागा तिच्याकडेच पाहत पडली होती. आई दिसली तशी तिचा अर्धा चेहरा हलला. ते हसू होतं.

आई खाटेजवळ जमिनीवर बसली.

“जेवली का ही?”

“जेवायचीय.”

“मग आधी तिला वाढ. माझी घाई नाही.”

त्रिंबकनं दुधात भाकरी कुस्करली. भागाला दंडावर उचलून बसवलं, पाठीशी उशी लावली, हनुवटीखाली फडकं धरलं. लहान लहान घास. प्रत्येक घासानंतर तो तिच्या गळ्यावरून बोट हलकेच खाली न्यायचा, घास उतरेपर्यंत थांबायचा आणि मगच पुढचा उचलायचा. वाकड्या कोपऱ्यातून दूध ओघळलं की टिपायचा. हे सगळं तो न बघता करत होता. लक्ष आईकडे होतं, की आता ही काय बोलणार.

“हे कुणी शिकवलं तुला?” आईनं विचारलं.

“काय?”

“गळ्यावरून बोट फिरवणं.”

“कोण शिकवणार? सुरुवातीला फार ठसका लागायचा तिला. जीव घाबरायचा माझा. करता करता कळलं.”

आई ‘हं’ म्हणाली.

जेवण झालं. तोंड पुसून झालं. त्रिंबकनं भांडी उचलली, तशी ती म्हणाली, “ठेव ती. विचार आता.”

भागाशी बोलायची त्यांची एक रीत होती. डावा हात तेवढा तिच्या ताब्यात होता. ‘हो’ म्हणायचं असेल तर ती तळवा उघडायची. ‘नाही’ असेल तर मूठ मिटायची. सगळा संसार त्या एका हातावर चालला होता.

त्रिंबक खाटेच्या कडेला टेकला. बायकोला प्रश्न विचारायचा, तर त्यानं आधी उगाच चादर सारखी केली.

“भागा… तू देवाकडं काही मागतेस?”

तळवा उघडला.

तो दचकला. इतकी वर्षं या खिडकीत एक प्रार्थना चालू होती आणि त्याच घरात राहून त्याला तिचा पत्ता नव्हता.

“बोलता यावं म्हणून मागतेस?”

मूठ.

“नाही?” त्यानं आईकडं पाहिलं, पुन्हा भागाकडं. “मग उठता यावं, हिंडता यावं म्हणून?”

मूठ तशीच.

पुढचा प्रश्न त्याला विचारायचा नव्हता. पण तो बाहेर पडलाच.

“यातून… सुटावं म्हणून?”

हात स्थिर राहिला नाही. बोटं थोडी सैल झाली. मग सावकाश पुन्हा मिटली.

म्हणजे कधीकाळी मागितलं होतं. आता मागत नव्हती.

खिडकीतून उन्हाची तिरीप खाटेवर आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. त्रिंबक त्या धुळीकडेच पाहत राहिला.

मग आई बोलली. भागाशी, सरळ.

“बाई, तू जे मागतेस… ते मिळतं का?”

तळवा उघडला. पटकन, सबंध. पाचही बोटं ताणून.

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्रिंबकला वाटला तो आनंद नव्हता. असूया होती. ओलेत्यानं घाट चढला तो. उपास काढले त्यानं. आणि देव पावला तो खाटेवर पडून असलेल्या हिला?

“काय मिळतं तुला?” तो जवळजवळ ओरडलाच. “कधी मिळालं? मला कसं दिसलं नाही?”

आईनं हात वर केला. तो गप्प झाला.

“रोज मिळतं?” आईनं विचारलं.

तळवा उघडाच होता.

“सकाळी?”

उघडाच.

“दुपारी, संध्याकाळी?”

भागाच्या डोळ्यांच्या कडा भरून आल्या. तिनं हात उचलला. तो आधी चुलीकडं गेला. मग पाण्याच्या घड्याकडं. मग दाराकडं, जिथून रोज बाजार आटपून एक माणूस बांगड्यांची पेटी टेकवत आत यायचा. आणि शेवटी तो हात खाली आला आणि त्रिंबकच्या सदऱ्याचं टोक त्यानं घट्ट धरलं.

त्रिंबकनं सदऱ्याकडं पाहिलं. त्या बोटांकडं पाहिलं.

कासार माणूस. गावातल्या दर घरच्या बाईचा हात त्याच्या हातात येऊन गेलेला. हात बघून तो माप सांगायचा. मऊ हात, कष्टाचा हात, नव्या नवरीचा घाबरलेला हात, सगळे ओळखायचा. पण हा हात आज पहिल्यांदा पाहतोय, असं त्याला वाटलं.

भागाची नजर आता त्याच्या खांद्यावरून पलीकडं गेली होती. खुंटीवर.

आईनंही वळून झोळीकडं पाहिलं. मग ती खाटेच्या अगदी जवळ सरकली आणि हळू आवाजात, लेकीशी बोलावं तसं बोलली.

“बाई, उद्याचंही मागितलंस?”

भागानं डोळे झोळीवरून काढून त्रिंबकच्या तोंडाकडं वळवले.

“उद्याही मिळेल… वाटतं तुला?”

आता या घरात ‘हो’ म्हणायचं तर तळवा उघडावा लागे. आणि तळव्यात नवऱ्याचा सदरा होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. भागाच्या मनगटाची शीर तटतटली होती. कापडाला चुण्या पडल्या होत्या. ती त्रिंबकच्या तोंडाकडं बघत होती आणि त्रिंबक श्वास धरून त्या मुठीकडं.

मग करंगळी सुटली. मग दुसरं बोट.

भागानं हात उघडला.

सदऱ्याचं टोक खाली पडलं. हात तसाच राहिला, उन्हात, रिकामा, सबंध उघडा.

त्रिंबक खाटेच्या पायाशी खाली बसला. त्यानं कपाळ त्या उघड्या तळव्यावर टेकलं आणि मग तो असा रडला की आळीतल्या बायांना वाटलं, भागा गेली. दोघी धावत दारापर्यंत आल्या. आई कधी उठून गेली, हे त्याला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणा जीप घेऊन आला. भला माणूस होता. मागच्या बाकावर त्यानं गादी अंथरून आणली होती, बहिणीला धक्का लागू नये म्हणून. त्रिंबकनं त्याला चहा दिला.

“दाजी, निघायचं ना? ऊन व्हायच्या आत पोचलो तर बरं.”

“ती इथंच राहील.”

“अहो, पण तुम्हीच तर ठरवलं होतं. परिक्रमा, नर्मदा…”

“ठरवलं होतं.”

“मग मधेच झालं काय?”

त्रिंबकनं बशी पुढं सरकवली.

“काल तिनं मला सोडलं,” तो म्हणाला.

मेहुण्याला काही उमगलं नाही. त्यानं बहिणीकडं पाहिलं. ती अर्ध्या तोंडानं हसत होती. मग तोही चहा पिऊन, गादी गुंडाळून, जीप घेऊन परत गेला.

लोकांना वाटलं, आता चमत्कार होणार. आई घरी येऊन गेलीय, भागा आज ना उद्या बोलणार. काही दिवस आळीतल्या बाया उगाच काहीतरी निमित्त काढून डोकावून जात. पण भागा बोलली नाही. थंडी आली आणि गेली. होळी झाली. गोदेचं पाणी आटून मध्ये वाळूचे पट्टे दिसू लागले. खाट खिडकीशीच होती.

त्रिंबक सोमवारची घागर घालत होताच. पण देवळातून निघताना हल्ली तो मागणं मागायला थांबत नसे. भजनातही एखादा अभंग कमी म्हणायचा आणि वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालून घरी निघायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, “घरी कुणीतरी वाट पाहतंय.”

उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा भर दुपारी तो ओवरीत आला. आई सुपात तांदूळ निवडत होती. तो पाया पडला आणि खांबाला टेकून बसला. दमलेला दिसत होता.

“भागा बरी?”

“आहे तशीच आहे.”

“बोलली?”

“नाही, आई.”

आईनं एक खडा काढून बाहेर टाकला.

“राग येतो?”

“येतो,” तो म्हणाला. “खोटं कशाला सांगू? त्या दिवशी वाटलं होतं, आता सगळं निवळलं. तसं होत नाही. एखाद्या दिवशी ती हाक ऐकायला जीव तुटतो. मग देवाशी भांडतो. कधी कधी तिच्यावरही ओरडतो. ती मूठ मिटते न् उघडते, मिटते न् उघडते. तिला म्हणायचं असतं, असू दे.”

“हं.”

“काल तर…” तो एकदम हसला. लाजून, ओशाळून. “तुम्ही त्या दिवशी तिचा देव दाखवलात ना मला, आई? त्या देवानं काल वरण करपवलं.”

आईनं सूप खाली ठेवलं. तिचे डोळे हसले.

“कसं काय?”

“एक नवरी आली होती चुडा भरायला. तिच्या आत्यांनी, मावश्यांनी ओटा भरला. त्या नादात चुलीवरचं विसरलो. आत जाऊन बघतो तर पातेलं काळं. घरात दुसरं काही नव्हतं. भाताची चार शितं आणि ते करपट वरण.”

“मग?”

“मग काय करतो? तेच कालवलं. तिला म्हटलं, भागा, आज असंच आहे बघ. हवं का? वाटलं, मूठ मिटेल.”

“मिटली?”

“नाही. तळवा उघडला. सगळं खाल्लं, आई. शेवटचा घाससुद्धा. तोंड वाकडं केलं नाही.” त्याचा आवाज बारीक झाला. “मी नजर चुकवत होतो आणि ती माझ्याकडं बघत जेवत होती. सणाचं जेवत असावी तशी.”

वाळूच्या पट्ट्यावर एक बगळा उभा होता. आई तिकडं बघत राहिली.

“आणि तू काय खाल्लंस?” तिनं विचारलं.

“मी? मला नाही गेलं. वासच सहन होईना. ताट तसंच झाकून ठेवलं आणि पाणी पिऊन निजलो. आजही सकाळपासून काही खाल्लं नाही.”

आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तांदळातून बोट फिरवत, त्याच्याकडं न बघता ती म्हणाली,

“जा त्रिंबक, जेव. भागा जेवली तसंच. कधीचं वाढून ठेवलंय तुला. निवत चाललंय.”